फुसका बार

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही "नेमबाजीची हलकी काडतुसं" असं सांगितलं. फोनवर पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू येईना. मग ते म्हणाले, "अहो, समोर आज्या बसलेल्या असतात." आम्ही म्हटलं, बसू द्या. आज्यांनाच हा विषय लवकर कळेल, कारण यातली निम्मी गोष्ट सोनाराच्या काट्याची आहे आणि उरलेली निम्मी दिवाळीतल्या टिकल्यांची.

तेव्हा काट्यापासूनच सुरुवात करू. आपला सराफा रात्री खाण्यासाठी जगभर गाजला, पण दिवसा तिथे अजून सोनंच तोललं जातं. जुनं कोष्टक पुढच्या दोन रांगांना पाठ असेल: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे शहाण्णव गुंजांचा एक तोळा. इंग्रजांनी १८३३ साली हा तोळा पक्का करून दिला तो १८० ग्रेनचा. ग्रेन म्हणजे दाणा. सोनारांनी ग्राम धरला, तोळा बोलण्यापुरता उरला, पण जगभरचे नेमबाज अजून ग्रेनमध्येच बोलतात. हिशेब केला तर एक गुंज म्हणजे पावणेदोन ग्रेनहून किंचित जास्त. ऑलिंपिकमध्ये पंचवीस मीटरवर चालणाऱ्या .२२ पिस्तुलाची गोळी साधारण ४० ग्रेनची, म्हणजे पाव तोळ्यालाही थोडी कमी. ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाची गोळी ११५ ते १४७ ग्रेनची असते. १४७ ग्रेन म्हणजे पाऊण तोळ्याच्या वर. आणि तिला ढकलणारी दारू? हलक्या काडतुसात दोन गुंजांच्या आसपास. ही दोन गुंज दारू लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळं येणार आहे.

आता झटका. पिस्तूल उडालं की गोळी पुढे जाते आणि हात मागे येतो, हे शाळेत न्यूटनच्या नावाने शिकलो. पण मागे येणारा हात फक्त गोळीचा हिशेब चुकता करत नाही. जळलेल्या दारूचा वायूही गोळीच्या मागोमाग नळीतून बाहेर पडतो, आणि तो गोळीपेक्षा कितीतरी वेगात असतो. त्याचं वजन थोडं, पण वेग मोठा, म्हणून त्याचाही वाटा हाताला बसतो. म्हणून जाणकार लोक जड गोळी आणि कमी दारू अशी जोडी लावतात. गोळी सावकाश जाते, वायू कमी निघतो, आणि हाताला फटक्याऐवजी ढकलल्यासारखं वाटतं. आम्ही उभयतांनी हे शेजारी उभं राहून पाहिलं आहे. सारख्या ताकदीची दोन काडतुसं एकाच पिस्तुलातून उडताना, एकाने नळी टाळ्यासारखी वर उडते, दुसऱ्याने ती नुसती मान हलवते.

हलका झटका हवा कशाला, असं कोणी विचारेल. लक्ष्य तर कागदाचं, त्याला जोर कशाला लागतो? तेच तर. कागदाला जोर लागत नाही, लागतो तो फक्त नेमका हात. नवशिक्याचा नेम चुकतो तो डोळ्यामुळे नाही, दचक्यामुळे. आवाज होणार, झटका बसणार, हे शरीराला माहीत झालं की घोडा दाबायच्या आधीच मनगट खाली जातं. मोठ्या झटक्याच्या पिस्तुलावर मूल शिकवलं तर त्याचं मनगट आधी दचकायला शिकतं, नेम नंतर. एकदा मुरलेला दचका काढायला वर्षं जातात. म्हणून जगभर मुलांची सुरुवात हवेच्या पिस्तुलावर होते, त्यात दारू नाहीच. मग .२२. मनू भाकरने २०२४ साली पॅरिसला कांस्य मिळवलं ते दहा मीटरच्या हवेच्या पिस्तुलावर. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई खेळांत सुवर्ण घेतलं ते पंचवीस मीटरवर .२२ ने. आणि आपल्या अंगणातलं सांगायचं तर विजय कुमार यांनी २०१२ साली लंडनला रॅपिड फायरमध्ये रौप्य आणलं, त्यांची तयारी इथे महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये झाली. पाच लक्ष्यं, पाच गोळ्या, आणि शेवटच्या फेरीत वेळ चार सेकंद. अशा वेळी पहिल्या झटक्यानंतर नळी किती लवकर जागेवर येते यावर पदक ठरतं.

या रॅपिड फायरचीच गंमत सांगतो. पूर्वी त्यात .२२ शॉर्ट नावाचं अगदी इवलंसं काडतूस चालायचं, झटका जवळजवळ नाहीच. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकनंतर नियम बदलला आणि सगळ्यांना नेहमीचं .२२ लाँग रायफल घ्यावं लागलं. म्हणजे स्पर्धकाला सोडलं तर तो झटका शून्यावर आणेल, म्हणून नियम करणाऱ्यांना खाली मर्यादा घालावी लागते. पळापळीच्या स्पर्धा असतात त्या आयपीएससीच्या, तिथेही तेच. गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले सेकंदाला फुटांमधला वेग, भागिले हजार. उत्तर १२५ च्या खाली आलं तर गुण धरत नाहीत. १४७ ग्रेनची गोळी ८८० फुटांच्या वेगाने गेली तर १२९ येतात. ११५ ग्रेनच्या गोळीला तेवढ्यासाठी १,१२० फुटांहून जास्त वेग लागतो. स्पर्धेच्या जागी वेग मोजायचं यंत्र ठेवलेलं असतं आणि पंच तुमच्याच पेटीतली काडतुसं उचलून मोजतात. लबाडीला जागा नाही. तराजू सरळ असला की माणसंही बऱ्यापैकी सरळ राहतात, हा आमचा सरकारी नोकरीतला अनुभव.

दुकानातली काडतुसं बहुधा पूर्ण जोराची असतात. हलकी, आपल्या हाताला आणि आपल्या पिस्तुलाला बसतील अशी हवी असतील तर ज्या देशांत परवानगी आहे तिथे लोक ती घरी भरतात. हे आम्ही पाहिलं ते ओहायोत, आमच्या आतेभावाच्या गॅरेजमध्ये. तो आमच्यापेक्षा मोठा, आम्ही त्याला दादाच म्हणतो. पंचवीस वर्षं तिथे आहे, तिथला नागरिक आहे. आम्ही दोघं गेलो ते आत्याच्या आग्रहावरून, खात्याकडून परदेश-प्रवासाची परवानगी हातात पडेपर्यंत तिकिटं काढायची की नाही या विवंचनेत असताना. पहिल्याच सकाळी दादाने बजावलं, "बघा सगळं, पण कशालाही हात लावू नका." कारण तिथला कायदा पर्यटक व्हिसावरच्या माणसाला, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर, बंदूक किंवा काडतूस बाळगू देत नाही. आम्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिलो, पंधरा दिवस.

काडतुसाला चार अंगं. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर, आत दारू, आणि तोंडावर गोळी. प्रायमर म्हणजे आपली टिकली. दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल ज्यांनी उडवलं त्यांना वेगळं सांगायला नको: ठोका बसला की ठिणगी. बार उडाला की टिकली, दारू आणि गोळी गेली, पण पुंगळी उरते. चारांत सगळ्यात महाग तीच, आणि तीच पुन्हा पुन्हा वापरता येते. ही सोय फक्त बुडात वेगळी टिकली असलेल्या काडतुसांना. .२२ मध्ये टिकलीचा मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असतो, ती एकदा उडाली की संपली.

दादाचं काम असं. गोळा केलेल्या पुंगळ्या मक्याच्या कणसाच्या भुशात तास दोन तास फिरवायच्या, काजळी जाते. मग यंत्र. उभ्या दांड्याचं, फिरत्या ताटलीचं. दांडा एकदा ओढला की ताटली एक घर पुढे सरकते. एका घरात फुगलेली पुंगळी दाबून मापात येते आणि जुनी टिकली निघते, मग नवी बसते. पुढच्या घरात तोंड किंचित रुंद होऊन दारू पडते. त्यापुढे गोळी बसते, शेवटी तोंड आवळलं जातं. प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस टोपलीत पडतं, टक्. आम्ही यंत्राच्या शाखेचे डिप्लोमावाले, आम्हांला त्या यंत्रापुढून उठवेना. सौ. मात्र दारातूनच म्हणाली, "हात धुतल्याशिवाय कोणी स्वयंपाकघरात यायचं नाही." वहिनींचाही तोच नियम निघाला, आणि तो नुसत्या स्वच्छतेचा नव्हता. गोळीत शिसं, टिकलीच्या काजळीत शिसं. गॅरेजमध्ये कोणी चहासुद्धा पीत नाही.

दारू किती घालायची हे कोणी अंदाजाने ठरवत नाही. दारू बनवणाऱ्या कंपन्या कोष्टकं छापतात. अमुक दारू, अमुक गोळी, कमीत कमी इतकी, जास्तीत जास्त इतकी. दादाच्या भिंतीवर ते पान चिकटवलेलं होतं. त्याच्या काट्यावर ग्रेनचा दहावा भाग दिसतो, म्हणजे आपल्या गुंजेचा साधारण एकोणिसावा हिस्सा. दर थोड्या काडतुसांनंतर तो एक मोजायचा. जास्त दारू घातली तर पिस्तूल फुटेल, हे कोणालाही समजतं. समजत नाही ते दुसरं, की कमी घालणंही धोक्याचं. हलकं, अजून हलकं करत माणूस छापील किमान आकड्याच्याही खाली गेला तर आधी पिस्तूल रुसतं. स्लाइड पूर्ण मागे येत नाही, रिकामी पुंगळी अडकते. त्यासाठी आतली स्प्रिंग नरम घालतात. पण त्याहूनही खाली गेलं तर गोळी नळीतून बाहेरच पडत नाही. मध्येच थांबते.

आणखी एक खोच आहे. हलक्या भरणीला लवकर जळणारी दारू लागते, आणि ती पुंगळीत तळाशी चिमूटभर बसते. चुकून दुप्पट पडली तरी ऊतू जात नाही, वरून गोळी बसली की बाहेरून काही दिसत नाही. मुळीच पडली नाही तरी तेच, काडतूस तसंच गोजिरवाणं दिसतं. म्हणून सावध माणसं फुगीर दारू निवडतात, दुप्पट पडली तर ती सांडून बोंब मारते. आणि गोळी ठेवण्याआधी दिवा लावून प्रत्येक पुंगळीत डोकावतात.

दादा हे सगळं करत होता ते स्वतःसाठी नव्हे. आमची पुतणी तेव्हा तेरा वर्षांची, मनगट लहान. ती बापाबरोबर स्टील चॅलेंज खेळायला लागली होती. पाच लोखंडी तबकड्या, शिटी वाजली की एकेक टिपायची, शेवटची टिपली की घड्याळ थांबतं. त्या खेळात ताकदीची किमान मर्यादा नाही, म्हणून दादाने तिच्यासाठी अगदी नरम काडतुसं भरली होती. डबीवर तिचं नाव लिहिलेलं.

रविवारी सकाळी आम्ही सगळे क्लबच्या मैदानावर गेलो. कानांवर बोंडं, डोळ्यांवर चष्मे. आधी दादा उडवणार होता, त्याच डबीतली, आणि मग ती. टण्, टण्, आणि तिसऱ्याला... आपण लवंगी माळ लावतो, त्यात एखादी फुसकी निघते. तसा आवाज. फुस्. तबकडी वाजली नाही. नळीतून थोडा धूर आला.

दादाचा हात थांबला नाही. आम्ही त्याला दोष देत नाही. सवयच अशी असते. काडतूस उडालं नाही की स्लाइड ओढायची, अडकलेलं फेकायचं, पुढचं आत, घोडा दाबायचा. शर्यतीचं घड्याळ चालू असतं. त्याचा डावा हात स्लाइडवर पोहोचला, आणि मागे उभा असलेला पंच ओरडला, "स्टॉप!" इतक्या जोरात, की आम्ही तिघंही जागच्या जागी ताठ झालो. दादा थांबला. पिस्तूल रिकामं केलं, उघडलं. पंचाने पितळेची एक काडी नळीच्या तोंडातून आत घातली. ती निम्म्यावर अडली.

गोळी नळीत होती. टिकलीच्या एकट्या जोरावर ती दोन बोटं पुढे सरकून बसली होती, मागे दारू नव्हतीच. पुढचं काडतूस उडालं असतं तर दुसरी गोळी पहिलीवर आदळून नळी फुगली असती, कदाचित चिरलीही असती. हात तिथेच असतो. पुतणी रांगेत पुढे होती. तिच्या बोटात तेवढा फरक ओळखायची समज आली नव्हती, असं दादा रात्री जेवताना म्हणाला आणि पुढे काही बोलला नाही. आत्यासुद्धा गप्प बसली, ही आमच्या घराण्यात दुर्मीळ गोष्ट.

चूक कुठे झाली ते दुसऱ्या दिवशी सापडलं. भरताना मध्येच त्याला फोन आला होता. त्याने एक पुंगळी ताटलीतून काढून बाजूला ठेवली, बोलून झाल्यावर परत लावली, पण एक घर पुढे. दारूचं घर चुकलं. त्या डबीत तीनशे काडतुसं उरली होती. ती त्याने सगळी उसवली. हातोड्यासारखं एक अवजार असतं, त्यात काडतूस उलटं अडकवून आपटलं की गोळी निघून येते. तीनशे वेळा ठक्, ठक्. आम्हांला हात लावता येत नव्हता, तेव्हा आम्ही दारात खुर्च्या टाकून मोजत बसलो. दोनशे नव्याण्णव, तीनशे. दुसरी एकही रिकामी निघाली नाही. वहिनी म्हणाल्या, "बरं झालं ना मग?" दादा म्हणाला, "बरं काय झालं? एक होती." आता भरताना तो फोन स्वयंपाकघरात ठेवून जातो. आणि पुतणी जवळ दिवा धरून बसते, प्रत्येक पुंगळीत बघते आणि मोठ्याने म्हणते, "आहे." मराठीत. तिच्या मराठीतला हा एक शब्द तरी पक्का झाला, असं आत्या म्हणते.

आता तुमच्या मनातला प्रश्न. परत आल्यावर आमच्या ओळखीतल्या पालकांनीही तो विचारला, ज्यांची मुलं इथे पिस्तूल शिकतात. काडतुसांचा खर्च सगळ्यांनाच टोचतो. "कुठे कुठे भरून मिळतात म्हणे, स्वस्त पडतील." आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, नाही. एक तर कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतुसं बनवायला परवाना लागतो, आणि त्या कायद्याने दारूगोळ्याची जी व्याख्या केली आहे तीत त्याचे सुटे भाग येतात, आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा येतात. म्हणजे दादाच्या गॅरेजमधला तो दांडा इथे कोणाच्या घरी सापडला तर आत काही भरलेलं नसलं तरी पंचाईत. दुसरं, कोणी भरलं हे माहीत नसलेलं काडतूस म्हणजे फोन आला होता की नाही हे माहीत नसलेलं काडतूस. आणि तिसरं, आपल्या मुलांना त्याची गरजच नाही. हवेच्या पिस्तुलाला काडतूस नाही आणि .२२ भरता येत नाही.

हलका झटका, सारखा झटका, हे .२२ मध्ये मिळवायचं तर वाट वेगळी आहे. एकाच कंपनीचा एकाच नावाचा माल असला तरी प्रत्येक खेपेत बारीक फरक असतो, डबीवर लॉट नंबर असतो. मोठे नेमबाज आपलं पिस्तूल शिकंजात बसवून वेगवेगळ्या लॉटची काडतुसं उडवून बघतात, ज्या लॉटचे छेद सर्वांत जवळ पडतात तोच लॉट वर्षाच्या बेताने घेऊन ठेवतात. साड्यांच्या दुकानात एकाच ताग्यातलं कापड मागतो तसंच. सरावाला दुसरा माल चालतो, पण स्पर्धेच्या आधीचे दिवस आणि स्पर्धा एकाच लॉटवर. सेंटर फायर खेळणाऱ्यांना मात्र मोठं काडतूस लागतं, बहुतेक जण त्यात .३२ वॅडकटर वापरतात. शंभर ग्रेनच्या आसपासची शिशाची बोथट गोळी, कागदात पंचिंग मशीनसारखा गोल छेद पाडणारी, झटका मऊ. जसपाल राणा यांनी २००६ साली दोहाला सेंटर फायरमध्ये ६०० पैकी ५९० करून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. मऊ झटक्याने माणूस काय करू शकतो त्याचा तो नमुना, आणि हेच पुढे मनू भाकरचे प्रशिक्षक झाले.

मुलांच्या हाती पिस्तूल असेल त्या आईबापांना एकच विनंती. फुस् असा आवाज मुलांना ओळखायला शिकवा. आवाज लहान वाटला, झटका बसला नाही, लक्ष्यावर छेद दिसला नाही, की घड्याळ गेलं खड्ड्यात, घोड्यावरून बोट काढायचं, नळी समोरच ठेवायची, आणि प्रशिक्षकाला हाक मारायची. फुसक्या फटाक्याकडे वाकून बघू नको, हे आपण चार वर्षांच्या पोरालाही सांगतो. तेच आहे.

दाखवायला काही आणलं का, असं चिटणीस विचारत होते. आणलं नाही. एक रिकामी पुंगळीसुद्धा नाही, कारण सामान तपासणाऱ्यांना ती रिकामी आहे हे पटवत विमानतळावर बसायची हौस आम्हांला नाही. फोटो आहेत, ते मागच्या फळ्यावर लावले आहेत. टेबलावर वाटीत ठेवल्या आहेत त्या सराफ्यातून मागून आणलेल्या गुंजा. दोन उचलून तळहातावर घेऊन बघा, दारू तेवढीच असते. फक्त लहान मुलांना वाटीपासून लांब ठेवा. त्या लाल-काळ्या सुंदर दिसतात, पण विषारी असतात, तोंडात घालू देऊ नका.